विभागलेला सूर : मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदातील तंतुवाद्यांचे स्वरलेखन – हस्तलिखितापासून संगणकापर्यंत

सारांश

वाद्यवृंदात एकच सूर वाजविणाऱ्या व्हायोलिनच्या समूहाला काही काळापुरते दोन, तीन किंवा अधिक गटांत विभागून प्रत्येक गटाला वेगळा स्वर देण्याच्या रीतीस 'दिविझी' असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास हिंदी व मराठी चित्रपटगीतांना जी भरघोस पार्श्वभूमी लाभली, तिच्या मुळाशी ही रीत होती. ती कागदावर उतरविण्याचे काम मुख्यतः गोमंतकीय संगीतकारांनी केले. प्रस्तुत निबंधात या लेखनरीतीचा उगम, मुंबईतील तिचा वापर, भातखंडे स्वरलिपीशी तिची तुलना, तिच्याशी निगडित हक्काचा प्रश्न आणि संगणकीय स्वरलेखनाने घडविलेले बदल यांचा ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : दिविझी, स्टाफ नोटेशन, ॲरेंजर, गोमंतकीय संगीतकार, भातखंडे स्वरलिपी, संगणकीय स्वरलेखन.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगीताच्या इतिहासलेखनात गायक, घराणी, नाट्यसंगीत आणि संगीत-दिग्दर्शक यांना मानाचे स्थान मिळाले. मात्र जे गीत कोट्यवधी श्रोत्यांपर्यंत पोहोचले, त्यातील प्रत्येक वादकाने कोणत्या क्षणी कोणता स्वर वाजवावा हे लिहून देणारा हात या इतिहासात क्वचितच दिसतो. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. चित्रपटगृहे आणि रेडिओ यांच्या द्वारा वणी, पांढरकवडा, यवतमाळ यांसारख्या गावांतील श्रोत्यांनीही मुंबईत तयार झालेला हा वाद्यवृंदाचा नाद ऐकला. गाण्याची चाल त्यांच्या ओठांवर आली, गायकाचे नाव स्मरणात राहिले, संगीतकाराचे नाव पडद्यावर झळकले. परंतु अंतऱ्यापूर्वी उसळून येणारा व्हायोलिनचा तो लोट कोणी लिहिला, हा प्रश्न विचारला गेला नाही.

हा प्रश्न केवळ श्रेयाचा नाही, पुराव्याचाही आहे. लिखित कागद हे इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन होय. चित्रपटसंगीताच्या बाबतीत असे कागद विपुल प्रमाणात तयार झाले, परंतु ध्वनिमुद्रण आटोपताच त्यांचे प्रयोजन संपले असे मानले गेले व त्यांतील बहुतेक जतन झाले नाहीत. म्हणूनच स्वरलेखनाच्या एका लहानशा तांत्रिक अंगाचा इतिहास येथे महत्त्वाचा ठरतो.

१. दिविझी : संकल्पना व लेखनाची अडचण

पाश्चात्त्य वाद्यवृंदात तंतुवाद्यांचे पाच समूह असतात : पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास. प्रत्येक समूहातील सर्व वादक सामान्यतः एकच ओळ वाजवितात. दोन वादकांसमोर एक स्टँड असतो व त्यावर एकच पार्ट ठेवलेला असतो. संगीतकाराला अधिक स्वरांची दाटी हवी असल्यास तो पार्टवर दिविझी ही सूचना लिहितो. मग स्टँडवरील श्रोत्यांकडच्या बाजूचा वादक वरचा स्वर घेतो आणि आतल्या बाजूचा वादक खालचा. पुन्हा सर्वांनी एकत्र यावे यासाठी 'युनिसन' ही सूचना येते.

सूचना लहान असली तरी तिच्या अभावी अर्थ बदलतो. व्हायोलिनवर एकाच वेळी दोन तारांवर गज फिरवून दोन स्वर काढता येतात, याला 'डबल स्टॉप' म्हणतात. पंचरेषेवर एकाच दांडीला दोन स्वर जोडलेले दिसले आणि सूचना नसली, तर वादक ते दोन्ही स्वर स्वतःच वाजवू पाहील. परिणामी नाद जड होईल, आणि स्वरांची जोडी हाताला न बसणारी असल्यास सुरांतही दोष येईल. याउलट दोन्ही स्वर एकाच वादकाकडून हवे असतील तर 'विभागू नये' असेही स्पष्ट लिहावे लागते.

विभाजनाला अंकगणिताचीही मर्यादा आहे. बारा व्हायोलिनवादक म्हणजे सहा स्टँड. त्यांचे दोन भाग करणे सोपे, कारण प्रत्येक स्टँडवर दोन वादक आहेत. तीन भाग करावयाचे झाल्यास स्टँडवरील जोडी पुरत नाही. म्हणून पहिल्या दोन स्टँडना वरचा, पुढच्या दोहोंना मधला आणि शेवटच्या दोहोंना खालचा स्वर द्यावा लागतो. चार-चार वादकांचे हे गट समतोल असले तरी प्रत्येक गटाचा जोर मूळ समूहाच्या एक तृतीयांश उरतो. तसेच एका गटात दोनच वादक उरले तर त्यांच्या सुरांतील सूक्ष्म अंतर कानाला लगेच खटकते, तिसरा वादक आला की ते अंतर झाकले जाते. लिहिणाऱ्याला हे सर्व आधीच ध्यानात घ्यावे लागते. याचा अर्थ असा, की दिविझी लिहिणे हे केवळ चिन्ह उमटविणे नसून समोर बसलेल्या माणसांची संख्या, बैठक आणि कुवत यांचा हिशेब मांडणे होय.

युरोपात ही रीत हळूहळू विस्तारत गेली. रोसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेराची (१८२९) नांदी पाच स्वतंत्र चेलोंनी सुरू होते. वाग्नरच्या 'लोहेनग्रिन'च्या (१८५०) आरंभी चार एकल व्हायोलिन आणि उरलेल्या व्हायोलिनचे चार भाग असा आठ पदरी नाद आहे. रिचर्ड स्ट्राउसची 'मेटामॉर्फोसेन' (१९४५) ही रचना तेवीस एकल तंतुवाद्यांसाठी आहे, तर पेंडेरेत्स्कीने हिरोशिमाच्या बळींना वाहिलेल्या रचनेत (१९६०-६१) बावन्न तंतुवाद्ये योजिली. समूहाचे विभाजन होता होता प्रत्येक वादक स्वतंत्र झाला, असा हा प्रवास आहे.

२. गोमंतकीय पूर्वपीठिका

ही विद्या मुंबईत आली ती प्रामुख्याने गोव्यामार्गे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना धार्मिक शिक्षणासोबत स्वरवाचन आणि व्हायोलिनवादन शिकविले जाई. चर्चमधील गायन चौपदरी असल्याने, एकाच वेळी चार भिन्न ओळी वाचणे व त्यांचा मेळ ऐकणे हा या मुलांच्या बालपणीचाच संस्कार होता. हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी एकाच स्वररेषेचा विस्तार शिकतो. गोमंतकीय विद्यार्थी आरंभापासून रेषांचे परस्परसंबंध शिकत असे. पुढे मुंबईत या दोन शिक्षणपद्धती समोरासमोर आल्या.

गोव्यात उपजीविकेची साधने मर्यादित असल्याने हे संगीतकार ब्रिटिश हिंदुस्थानात पसरले. लष्करी व पोलीस बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची चित्रपटगृहे, हॉटेलांतील जाझ बँड अशा ठिकाणी त्यांना कामे मिळाली. स्वातंत्र्यानंतर संस्थानिक आणि ब्रिटिश आश्रयदाते नाहीसे झाले आणि याच सुमारास चित्रपटसंगीताला मोठ्या वाद्यवृंदाची ओढ लागली. वाचता-लिहिता येणारे वादक आणि त्यांची गरज असलेला व्यवसाय यांची अशी गाठ पडली.

माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे या पिढीचे प्रातिनिधिक उदाहरण. त्यांचे वडील चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात मुंबईत येऊन त्यांनी व्हायोलिनवादक व ॲरेंजर म्हणून नाव मिळविले. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे विद्यार्थी. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय रागांवर आधारित रचनांसाठी मोठा सिम्फनी वाद्यवृंद उभा केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांचा गायक म्हणून सहभाग घेतला. राग सारंगावर त्यांनी कॉन्चेर्टोही रचला. १९६५ नंतर ते अमेरिकेस गेले व पुढे गोव्यात परतून शांत जीवन जगले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गीतामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, परंतु ते नाव एका खऱ्या संगीतकाराचे आहे हे बहुसंख्य श्रोत्यांना ठाऊक नव्हते. विस्मृतीचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

३. मुंबईचे स्टुडिओ : कामाची रीत

संगीत-दिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बांधीत असे. ॲरेंजर ती पंचरेषेवर उतरवून घेई, तिच्याभोवती प्रतिस्वर, अंतरालाप व पार्श्वसंगीत लिही. मग त्या स्कोअरवरून प्रत्येक स्टँडसाठी वेगवेगळे पार्ट हाताने नकलून काढले जात. गायक व वादक एकत्र बसून गाणे सलग मुद्रित करीत. एका वादकाची चूक झाली तरी संपूर्ण गाणे पुन्हा वाजवावे लागे. अशा स्थितीत संदिग्ध पार्ट म्हणजे सर्वांचा वेळ आणि निर्मात्याचा पैसा वाया. पार्टवरील विभाजनाची सूचना नेमकी असणे ही येथे व्यावहारिक निकड होती.

शंकर-जयकिशन यांचे ॲरेंजर सेबॅस्टियन डिसोझा यांच्याकडे या लेखनाचे मोठे श्रेय जाते. फाळणीपूर्वी लाहोरमध्ये बँड चालविणारे डिसोझा पुढे मुंबईत स्थिरावले. गायकाची ओळ चालू असताना तिच्यामागे व्हायोलिनची वेगळी, तिला पूरक अशी ओळ गुंफण्याची पद्धत त्यांच्या कामातून रुजली. गायकाच्या स्वराशी स्पर्धा न करता त्याला उठाव देणारी ही ओळ कधी एकपदरी असे, कधी दोन-तीन पदरी होई. विभाजित व्हायोलिनचा नाद विरळ आणि मऊ असतो, म्हणून तो गायकाखाली दबतो पण हरवत नाही. एकसुरी व्हायोलिन मात्र गायकाच्या विश्रांतीच्या जागी पूर्ण जोराने येतात. लेखनातील 'विभागा' आणि 'एकत्र या' या दोन सूचनांचा हा श्राव्य परिणाम होय.

मराठी संगीतकारांचा या व्यवहारातील वाटा मोठा आहे. पुणतांबे येथे जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) चित्रपटात गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या सहकार्याने पाश्चात्त्य ढंगाची गीते दिली. प्रभाकर जोग (१९३२-२०२१) यांनी सुधीर फडके, श्रीनिवास खळे आदींच्या गीतांचे संगीत-संयोजन केले, तसेच १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'त व्हायोलिनची साथ केली. अनिल मोहिले हे व्हायोलिनवादक व संयोजक म्हणून हिंदी व मराठी अशा दोन्ही क्षेत्रांत वावरले आणि अरुण पौडवाल यांच्यासह 'अनिल-अरुण' या नावाने त्यांनी मराठी चित्रपटांना संगीत दिले. म्हणजेच स्वरलेखनाची ही विद्या एका समाजापुरती मर्यादित राहिली नाही. ती शिकता येण्याजोगी होती आणि शिकली गेली.

४. भातखंडे स्वरलिपी आणि अनेकपदरी लेखन

याच मुंबईत स्वरलेखनाची दुसरी, संपूर्ण देशी परंपरा आकारास आली होती. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) व पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) या दोघांनी स्वतंत्र लेखनपद्धती प्रचारात आणल्या. त्यांपैकी भातखंडे पद्धती तिच्या सुटसुटीतपणामुळे अधिक रूढ झाली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू, स्वर लांबविण्यासाठी आडवी रेषा, समेसाठी फुलीचे चिन्ह आणि कालासाठी शून्य, एवढ्या सामग्रीवर हजारो बंदिशी लिहिल्या गेल्या. वणीसारख्या तालुक्याच्या गावी संगीताच्या परीक्षांना बसणारा विद्यार्थीही ही लिपी वाचू शकतो, हे तिचे मोठे यश होय.

ही लिपी दिविझी लिहू शकते काय? वरवर पाहता उत्तर नकारार्थी वाटते, कारण ती एका स्वररेषेसाठी घडविलेली आहे. स्वरांच्या ओळीखाली दुसरी ओळ येते ती गीताच्या शब्दांची आणि त्याखाली तालचिन्हांची. तेथे दुसऱ्या सुराची ओळ घातल्यास वाचकाचा गोंधळ होणार. तथापि या लिपीत एक सुप्त सामर्थ्य आहे. तालाचे विभाग आणि मात्रा यांचे उभे स्तंभ तिच्यात आधीपासूनच आखलेले असतात. सा, ग आणि प हे स्वर चार मात्रा एकत्र धरावयाचे असतील, तर एकाखाली एक तीन ओळी मांडून प्रत्येकीत स्वरापुढे तीन आडव्या रेषा दिल्या की काम भागते. कोणता स्वर कोणत्या मात्रेवर कोणाशी जुळतो हे स्तंभामुळे आपोआप दिसते. उणीव राहते ती उंचीच्या चित्राची. पंचरेषेवर स्वरांमधील अंतर डोळ्यांना दिसते, भातखंडे लिपीत ते अक्षर वाचून मनात मोजावे लागते. धावत्या वाचनात हा फरक निर्णायक ठरतो. त्यामुळे चित्रपट-वाद्यवृंदात तंतुवाद्यांचे पार्ट पंचरेषेवर लिहिले गेले, तर सतार, बासरी आदींच्या अनेक वादकांनी आपली ओळ सरगममध्ये उतरवून घेतली. एकाच स्टुडिओत दोन लिप्या शेजारी शेजारी नांदत होत्या.

५. लिखित सूर आणि कायदा

लेखनाचा प्रश्न हक्काच्या प्रश्नाला कसा भिडतो, हे भारतीय प्रताधिकार कायद्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १९५७ च्या कायद्याने 'सांगीतिक कृती'ची व्याख्या करताना छापलेले, लिहिलेले किंवा अन्य प्रकारे चित्ररूपाने उतरविलेले स्वर व स्वरमेळ एवढ्यांनाच मान्यता दिली होती. गायिलेली वा वाजविलेली चाल या व्याख्येत बसत नव्हती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चित्रपटगीतांच्या हक्कांचा वाद आला असता न्या. कृष्ण अय्यर यांनी, भारतीय संगीताचा प्राण गायनात असताना कायद्याने मान फक्त कागदावरील स्वरांना द्यावा, या विसंगतीकडे लक्ष वेधले.

१९९४ च्या दुरुस्तीने ही विसंगती दूर झाली. सांगीतिक कृतीला लिखित रूपाची अट राहिली नाही, आणि चाल बांधणारा ती लिहो वा न लिहो, तोच संगीतकार ठरला. चालीचे कर्ते असलेल्या, पण पंचरेषा न लिहिणाऱ्या संगीत-दिग्दर्शकांना यामुळे न्याय मिळाला. मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ज्या काळात कायदा फक्त लिखित संगीताला ओळखत होता, त्या काळात लिहिणारा हात बहुतांशी ॲरेंजरचा होता, आणि त्या काळातही कर्तेपणाचा मान त्याला मिळाला नाही. कायद्याच्या भाषेत वाद्यवृंद-संयोजन हे मूळ कृतीचे 'रूपांतर' आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या स्वामित्वधनाचे संरक्षण केले, तेव्हाही ॲरेंजरचा स्वतंत्र उल्लेख झाला नाही. विभाजित व्हायोलिनच्या चार ओळी लिहिणे ही नक्कल आहे, कारागिरी आहे की निर्मिती, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्या ओळी समोर असाव्या लागतात. कागद नष्ट झाल्याने वादाचा आधारच नाहीसा झाला.

६. संगणकीय स्वरलेखन

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. सिंथेसायझर आणि अनेक ट्रॅकवरील ध्वनिमुद्रण यांमुळे मुंबईतील मोठे वाद्यवृंद ओसरले, आणि स्वरलेखन संगणकावर आले. 'फिनाले' हा कार्यक्रम १९८८ मध्ये, तर 'सिबेलियस' १९९३ मध्ये बाजारात आला. नकलनवीसाचे काम यंत्राने घेतले. स्कोअर एकदा लिहिला की त्यातून पार्ट वेगळे काढता येऊ लागले. २००५ च्या सिबेलियसमध्ये आणि पुढील वर्षी आलेल्या फिनालेमध्ये स्कोअर व पार्ट परस्परांशी जोडले गेले, त्यामुळे एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे आपोआप होऊ लागली.

दिविझीने मात्र या यंत्रांना दीर्घकाळ अडचणीत टाकले. कार्यक्रमाची रचना 'एक वाद्य, एक पंचरेषा' या गृहीतकावर होती. विभाजनात मात्र एकच समूह काही मात्रांपुरता दोन-तीन पंचरेषांवर पसरतो व पुन्हा एका रेषेवर येतो. यावर वापरणाऱ्यांनी दोन तोडगे काढले. लय समान असल्यास एकाच पंचरेषेवर वरच्या ओळीच्या दांड्या वर आणि खालच्या ओळीच्या दांड्या खाली काढायच्या. लय भिन्न असल्यास अतिरिक्त पंचरेषा घालून ती रिकामी असेल तेथे लपवायची. दुसऱ्या तोडग्यात एकत्र येण्याच्या जागी स्वरांची नक्कल हाताने करावी लागे व चूक राहण्याची शक्यता वाढे. २०१६ मध्ये आलेल्या 'डोरिको' या कार्यक्रमाने वादक हा घटक केंद्रस्थानी ठेवला आणि २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत समूहाचे विभाजन कोठे सुरू होते व कोठे संपते हे थेट सांगण्याची सोय दिली. मुंबईचा ॲरेंजर स्टँड मोजून जे करीत होता, तो विचार यंत्राच्या रचनेत शिरण्यास तीस वर्षे लागली.

यंत्राच्या श्राव्य नमुन्यातही एक फसगत आहे. बारा व्हायोलिनच्या समूहाचा मुद्रित नाद घेऊन दोन स्वर एकत्र वाजविले, तर ऐकू येतात चोवीस व्हायोलिन. प्रत्यक्षात विभाजनाने प्रत्येक स्वर सहा वादकांपुरता विरळ झाला पाहिजे. केवळ संगणकावर ऐकून लिहिणाऱ्याच्या अंदाजाला येथे धक्का बसतो.

जतनाच्या दृष्टीनेही यंत्र निर्धोक नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फिनालेचा विकास थांबविल्याची घोषणा झाली. त्या कार्यक्रमाच्या खास स्वरूपात साठविलेल्या संचिका भविष्यात उघडतील याची शाश्वती त्यामुळे राहिली नाही. या धोक्यावर उपाय म्हणजे २००४ पासून प्रचारात आलेले 'म्युझिकएक्सएमएल' हे कार्यक्रमनिरपेक्ष स्वरूप, आणि 'म्यूझस्कोअर' किंवा 'लिलीपाँड' यांसारखे विनामूल्य, मुक्तस्रोत कार्यक्रम. कागदी पार्ट रद्दीत गेले आणि संगणकीय पार्ट कंपनीच्या निर्णयाबरोबर गेले, अशी पुनरावृत्ती टाळणे आता शक्य आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) विभाजित तंतुवाद्यांचे लेखन ही केवळ चिन्हांची बाब नसून वादकांची संख्या, बैठक, सुरेलपणा व नादाचा समतोल यांचा विचार करणारी निर्मितीप्रक्रिया आहे.

२) गोव्यातील पॅरिश शाळांचे संगीतशिक्षण आणि मुंबईचा चित्रपटव्यवसाय यांच्या संयोगातून ही विद्या महाराष्ट्रात रुजली व मराठी संयोजकांनी ती आत्मसात केली.

३) भातखंडे स्वरलिपीच्या मात्रास्तंभांत अनेकपदरी लेखनाची क्षमता आहे, परंतु स्वरांची उंची डोळ्यांना न दिसल्याने त्वरित वाचनासाठी पंचरेषा अधिक सोयीची ठरली.

४) लिखित संगीताला कायद्याची मान्यता असलेल्या काळातही लिहिणाऱ्यांना कर्तेपण लाभले नाही, आणि कागदांच्या नाशामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन दुष्कर झाले.

५) संगणकीय स्वरलेखनाने नकलण्याचे श्रम वाचविले, परंतु जतनाचा प्रश्न सोडविला नाही. त्यासाठी मुक्त स्वरूपांचा अवलंब आवश्यक आहे.

यातून महाविद्यालयांपुढे एक काम उभे राहते. १९५० ते १९८० या कालखंडातील गीतांची ध्वनिमुद्रणे आज सहज उपलब्ध आहेत. संगीत विभागातील विद्यार्थ्यांनी एखादे गीत निवडून त्यातील तंतुवाद्यांच्या ओळी कानाने टिपाव्यात, विनामूल्य कार्यक्रमात पंचरेषेवर आणि शेजारी भातखंडे लिपीत लिहाव्यात, व त्यावर उपलब्ध असेल तेथे ॲरेंजरचे नाव नोंदवावे. या कामाला महागडी साधने लागत नाहीत. एक संगणक आणि तयार कान पुरेसे आहेत, आणि ते महानगराबाहेरच्या महाविद्यालयातही मिळू शकतात. कानाने लिहिलेली प्रत मूळ पार्टची बरोबरी करू शकणार नाही. विभागलेल्या सुरांतील मधली ओळ ऐकून पकडणे सर्वांत अवघड असते. तरीही ज्या ओळीकडे श्रोत्यांचे लक्ष कधी गेले नाही, ती लिहिण्याचा प्रयत्न करणे हेच त्या ओळीच्या कर्त्यांचे ऋण मान्य करण्याचा मार्ग होय.